तीस अक्षरांत न मावलेला पत्ता

परळी वैजनाथ
रविवार, ९ जुलै १९९५

दहावीला तालुक्यात पहिली आले तेव्हा बक्षीस म्हणून मिळालेली ही वही पाच वर्षे कोरी राहिली. इतक्या चांगल्या वहीत लिहिण्याजोगे आपल्याजवळ काही नाही, असे वाटत असे. आता वाटते, मनात साचते ते कुठेतरी ठेवलेच पाहिजे. बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मला उत्तर ठाऊक होते. परीक्षकांनी इंग्रजीत विचारले, मी मनाशी मराठीत वाक्य जुळवले, आणि ते ओठांवर येईपर्यंत त्यांनी पुढच्या मुलीला हाक मारली होती. ठाऊक असूनही आपण वेळेवर बोलणार नाही, ही भीती त्या दिवसापासून माझ्या सोबतीला आहे.

महिन्यापासून मी मन्मथप्पांच्या कापड दुकानामागच्या खोलीत संगणकावर काम करते. लग्नपत्रिका, अर्ज, प्रश्नपत्रिका असे टंकलेखन तिथे चालते. परंतु अप्पांनी संगणक घेतला तो त्यासाठी नव्हे. दोन वर्षांपूर्वी त्यांची थोरली मुलगी कावेरी बाळंतपणात गेली. तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह होता आणि तसे रक्त देणारा माणूस वेळेत सापडला नाही. त्यानंतर अप्पा गावोगाव हिंडले आणि अकराशे चाळीस रक्तदात्यांचे अर्ज भरून आणले. ते संगणकात चढवणे हे माझे खरे काम. धाकटी रुद्राणी आता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची आहे. तिचाही गट तोच आहे. दिवस नोव्हेंबरात भरतात.

अप्पा रोज सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून दुकानात येतात. बोटांवर उरलेली विभूती ते कधी धूत नाहीत. पावतीपुस्तकाचे जे पान उलटतील त्याच्या कोपऱ्यावर त्यांचा पांढरा अंगठा उमटतो. खोलीच्या दारात उभे राहून ते रोज एकच विचारतात, "किती झाले गं पोरी?"

मंगळवार, १८ जुलै

आज एका अर्जाने फार त्रास दिला. मुंजाजी, मेंढपाळ, ओ निगेटिव्ह. अकराशेंमध्ये हा गट केवळ सात जणांचा आहे, म्हणून मी विशेष काळजी घेते. परंतु संगणकात पत्त्यासाठी तीस अक्षरांचीच जागा, आणि मुंजाजींचा पत्ता ऋतूप्रमाणे बदलणारा! शेवटी 'मुंजाजी, मेंढपाळ, पांगरी' एवढेच बसले. उरलेले कुठेतरी असावे म्हणून इथे उतरवून ठेवते. अक्षर अप्पांचे, शब्द मुंजाजींचे:

"पोळ्यापर्यंत पांगरीत घरी. पोळा झाल्यावर घाटनांदूरला रुळाच्या वरच्या अंगाला. दिवाळीच्या आगंमागं नागापूरच्या धरणाखाली, तीन चिंचांपाशी. पिठाच्या गिरणीवर रतनबाईला इचारावं. ती परक्या माणसाला जंगलखात्याचा समजती, सांगत न्हाई. 'आसारामच्या कुत्र्याचं औषध आणलंय' म्हणावं, मग सांगती."

आसाराम हे त्यांचे भाऊ असावेत. मला एकटीलाच बराच वेळ हसू येत होते.

रविवार, ६ ऑगस्ट

सर्व अर्ज चढवून झाले. अप्पांनी पेढे वाटले. मूळ कागदांची पेटी माळ्यावर होती. ती उतरवली तर आत वाळवीने केलेली माती तेवढी शिल्लक. मी घाबरले, पण अप्पा हसले. "खाऊ दे. यादी यंत्रात हाय आपली. यंत्राला वाळवी लागती का?"

त्यांचे भाचे रवि पुण्याहून संगणकाची पदविका घेऊन आले आहेत. येताना मासिकांचा गठ्ठा आणला आहे. त्यांतली बातमी अशी की, चोवीस ऑगस्टला अमेरिकेत संगणक चालवणारी एक नवी प्रणाली जाहीर होणार, तिचे नाव विंडोज पंच्याण्णव, आणि मग आपण वापरतो ते डॉस इतिहासजमा होणार. कुणी लिहिते, तिला चार एमबी स्मृती पुरते. कुणी म्हणते, आठ हवी. जुने कार्यक्रम चालतील, असे एका पानावर आहे आणि दुसऱ्या पानावर त्याविषयी शंका आहे. आपले मराठी अक्षरांचे कार्ड तिथे चालेल का, यावर मात्र कुणीच लिहिलेले नाही.

"अप्पा, वर्षभरात डॉस बंद पडेल," रवि म्हणाले.

"बंद पडंल म्हंजे? कुणी येऊन कुलूप लावणार हाय का?"

"तसं नाही. पण जग पुढे जाईल."

"जाऊ दे की. आपली यादी हितं परळीतच लागती."

मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. डॉसच्या साऱ्या आज्ञा मी शब्दकोश घेऊन, एकेक अर्थ लावून पाठ केल्या आहेत. त्या निरुपयोगी झाल्या तर या खोलीत माझे काय काम उरेल?

शुक्रवार, २५ ऑगस्ट

घोषणा झाली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आहेत. रवि दिवसभर पुण्याच्या मित्राला फोन लावत होते. आपल्याकडे ती केव्हा पोचणार, याचे चार जणांनी चार महिने सांगितले. एक मित्र म्हणतो, लगेच घ्या. दुसरा म्हणतो, पहिल्या आवृत्तीत दोष असतात, पुढच्या वर्षी सुधारलेली निघेल तोपर्यंत थांबा. रात्रीचा अंदाज सकाळी खोटा ठरतो. उद्या पोळा आहे. दुकानातले विक्रेते बसवेश्वर बैलांच्या झुली बांधता बांधता म्हणाले, "रविभाऊ, नवा बैल घेतल्यावर जुन्याला पुरणपोळी देतेत का न्हाई, तेवढं इचारा तुमच्या अमेरिकेला."

सगळे हसले. मला मात्र त्या प्रश्नाने धास्ती वाटली.

गुरुवार, २१ सप्टेंबर

आज देशभर गणपती दूध पिऊ लागला म्हणे. दुकान अर्ध्यावर टाकून सगळे मंदिरात गेले. रवि हसून म्हणाले, "लोक कशावरही विश्वास ठेवतात." आणि लगेच मित्राची बातमी सांगितली की, नवी प्रणाली घातल्यावर जुना संगणक दुप्पट वेगाने धावतो.

रुद्राणी आली आहे. तिचे पाय सुजले आहेत. तिची आई, महादेवीकाकू, तिला डोळ्यांआड होऊ देत नाहीत. मला पाहून ती म्हणाली, "संगीता, माझी माणसं सांभाळून ठेवलीस ना गं यंत्रात?" तिने चेष्टेने म्हटले असेल. मी केवळ मान हलवली.

शनिवार, ३० सप्टेंबर

अखेर ठरले. धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर नवी प्रणाली घालायची. संगणकाच्या आतल्या जुन्या तबकडीत जागा नाही, म्हणून रवि ती संपूर्ण पुसून कोरी करणार; त्याआधी यादी फ्लॉप्यांवर उतरवून ठेवायची. आज मी ती चार मोठ्या फ्लॉप्यांवर उतरवली आणि प्रत्येक पुन्हा उघडून तपासली. अकराशे चाळीस नावे पूर्ण आहेत. गावाच्या औष्णिक वीजकेंद्राची राख इथे खिडकी लावली तरी टेबलावर बसते, म्हणून फ्लॉप्यांच्या कागदी पाकिटांवरून स्वच्छ फडके गुंडाळले.

सोमवार, २ ऑक्टोबर. खंडेनवमी

हे लिहावे की नाही, याचा दुपारपासून विचार करते आहे.

शस्त्रपूजेसाठी अप्पांनी गादीवर नवे कापड अंथरले. कात्र्या, मीटरपट्ट्या, शिलाई यंत्र, संगणक, सर्वांना विभूती लावली. मग म्हणाले, "त्या फ्लॉप्या आण गं." मी फडक्यासकट आणून ठेवल्या. अप्पांनी फडके सोडले आणि एकेक फ्लॉपी पाकिटातून बाहेर काढली.

महादेवीकाकू म्हणाल्या, "वरूनच लावा की."

"पाकिटाला लावून काय उपेग? टिळा कपाळाला लावतेत का टोपीला?"

फ्लॉपीच्या काळ्या आवरणाला एक लांबट खिडकी असते. तिच्यातून आतली तपकिरी चकती उघडी दिसते. तिथे बोटसुद्धा लावू नये, असे पुस्तकात ठळक अक्षरांत छापले आहे. अप्पा ती खिडकी न्याहाळून म्हणाले, "हितं जीव दिसतोय हिचा." आणि तिथेच तीन बोटांनी विभूती ओढली. एकीवर, दुसरीवर, चारही फ्लॉप्यांवर. काकूंनी वर बेलाचे पान ठेवले. अप्पांनी हात जोडले. "कावेरीचं काम हाय हे. रुद्राणीला सांभाळा."

माझे वाक्य तयार होते. 'अप्पा, तिथे नको.' तीनच शब्द! पण त्यांचे डोळे भरून आले होते. पूजेला दोष कसा द्यायचा? रवि बाहेर फोनवर होते.

सगळे प्रसादाला गेल्यावर मी ओढणीच्या टोकाने त्या चारही खिडक्या पुसल्या. पांढरेपण गेले. एका चकतीवर केसाइतकी बारीक रेघ दिसली. कदाचित ती आधीचीच असेल. त्या पाकिटात घालून पुन्हा फडक्यात बांधल्या.

शनिवार, ७ ऑक्टोबर

दिवाळीची गर्दी सुरू झाल्याने अप्पांनी मला साड्यांच्या गादीवर बसवले आहे. संगणक दिवसभर रवींच्या ताब्यात असतो. पुन्हा प्रती काढायच्या तर त्यांना सांगावे लागेल, आणि सांगितले तर ते कारण विचारतील.

आज जाता जाता त्यांनी विचारले, "फ्लॉप्या तपासल्या आहेत ना?"

"हो."

माझे हे 'हो' तीस सप्टेंबरपुरते खरे होते.

शनिवार, २१ ऑक्टोबर. धनत्रयोदशी

सकाळी अकराचा मुहूर्त होता. तबकडी पुसायची आज्ञा देण्यापूर्वी रवींनी माझ्याकडे पाहिले. "तू तपासल्यास म्हणजे मला चिंता नाही. पहिली आलेली मुलगी!" मी वाक्य जुळवू लागले. पडद्यावर इंग्रजी प्रश्न होता: खात्री आहे का? रवींनी होकाराची कळ दाबली.

पुण्याहून मागवलेल्या, नव्या प्रणालीच्या तेरा लहान फ्लॉप्या एकामागून एक घातल्या. तीनच्या सुमारास पडद्यावर निळे आकाश आणि पांढरे ढग उमटले. अप्पांनी नारळ फोडला. मग रवींनी आमची पहिली फ्लॉपी घातली. विळा दगडावर घासावा तसा आवाज आला. वाचता येत नाही, असे उत्तर आले. दुसरी तशीच, तिसरी तशीच, चौथीही तशीच.

रवींचा चेहरा पांढरा पडला. पुण्यात असे बिघडलेले परत मिळवणारा एक जाणकार आहे म्हणून चारही फ्लॉप्या घेऊन ते संध्याकाळच्या गाडीने गेले. दुकानात जो येतो तो म्हणतो, "बगा, नव्यानं जुनं खाल्लं." अप्पाही म्हणाले, "थांबायला पायजे होतं. म्हनत होतो मी." ते नव्या प्रणालीला दोष देत राहिले, आणि मी देऊ दिला.

सोमवार, २३ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

दोन दिवस आठवून आठवून नावे लिहिते आहे. 'नुसती पाठांतराची हुशारी' असे मला कॉलेजात म्हणत असत. तरीही दोनशे बाराच आठवली. ओ निगेटिव्ह सातांपैकी चार. उरलेल्या तिघांचे चेहरे मी कधी पाहिलेच नव्हते. अक्षरेच पाहिली होती. रुद्राणीला अजून तीन आठवडे अवकाश आहे. तोपर्यंत रवि येतील. येतीलच.

उद्या सकाळी खग्रास सूर्यग्रहण आहे. आपल्याकडे खंडग्रास दिसेल.

मंगळवार, २४ ऑक्टोबर (सुट्या कागदावर)

वही माझ्याजवळ नाही. का नाही, ते लिहिते.

सकाळी आठच्या सुमारास उजेड आजारी पडल्यासारखा मलूल झाला. रस्त्यावर एक माणूस नव्हता. आईने दारेखिडक्या लावून घेतल्या होत्या. तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर अप्पा. कपाळ कोरे होते. विभूतीविना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले.

"पोरी, रुद्राणीला पहाटं आंबाजोगाईला नेलंय. रक्त थांबंना. तिथं त्या गटाचं शिल्लक न्हाई. फोन आला आत्ता. किती आठवतेत तुला?"

आई म्हणाली, "गिरान सुटू द्या, अप्पा."

"तोवर ती सुटंल, बाई."

मी चपला न घालताच निघाले. त्यांच्या घरच्या फोनवरून चौघांकडे फोन लावले. एका गुरुजींनी पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलेले. दुसरे सासुरवाडीला गेलेले. तिसऱ्यांच्या आईने सांगितले, ग्रहण सुटेपर्यंत मुलगा उंबरा ओलांडणार नाही. चौथ्यांच्या शेजारचा फोन वाजत राहिला. अप्पा माझ्या तोंडाकडे पाहत होते. तशी वाट पाहणारे तोंड मी त्या परीक्षेत पाहिले होते, एवढे हताश मात्र नव्हते.

आणि मला आठवले ते नाव नव्हे. न मावलेला पत्ता आठवला. तीन चिंचा. कुत्र्याचे औषध.

धावत घरी येऊन मी ट्रंकेतून वही काढली. अप्पा जीपमध्ये मागोमाग आले होते. त्यांना वाचून दाखवू लागले, तर पहिल्या शब्दाशीच आवाज फुटेना. बसवेश्वर गाडी चालू ठेवून ओरडत होते, "आण की गं कागद हिकडं!" पान फाडून द्यायचे मला सुचलेच नाही, की धीर झाला नाही, ठाऊक नाही. मी १८ जुलैच्या पानावर बोट ठेवून सबंध वही अप्पांच्या हातात दिली. त्यांनी ती छातीशी धरली आणि गाडी धुळीत दिसेनाशी झाली.

त्या पानापासून २ ऑक्टोबरचे पान फार दूर नाही. इतकी पाने कोरी असणारी वही उघडली की लिहिलेलेच पुढे येते. रुद्राणी जगावी, असे मागताना मी मध्येच वही कुणी वाचू नये, असेही मागितले. असे मागणारी माझ्यासारखी दुसरी कोणी असेल का?

गुरुवार, २६ ऑक्टोबर (सुट्या कागदावर)

रुद्राणी वाचली! मुलगी झाली आहे; चार पौंडांची, काचेच्या पेटीत ठेवली आहे.

बसवेश्वरांनी आज दुकानात सारे सांगितले. गिरणी बंद होती. रतनबाई दार उघडेनात. अप्पांनी वहीत पाहून पाहून आसारामच्या कुत्र्याचे औषध सांगितले, तेव्हा आतून आवाज आला, "कंच्या कुत्र्याचं?" अप्पा गांगरले, ते वहीत नव्हते. मग म्हणाले, "बाई, कुत्र्याचं न्हाई, लेकराचं हाय." त्यावर दार उघडले.

मुंजाजी ग्रहणातही मेंढ्यांपाशी उभे होते. अप्पांनी हात जोडून ग्रहणाचे विचारले, तर म्हणाले, "मेंढरं चरायची थांबलीत का? मग मला काय झालंय? पर ही राखणार कोन?" तेव्हा बसवेश्वरांना तीन चिंचांखाली दोनशे मेंढ्यांसोबत ठेवून अप्पा मुंजाजींना घेऊन स्वतः जीप चालवत आंबाजोगाईला गेले. बसवेश्वर म्हणतात, "एक बी मेंढरू मला जुमानंना. आन् कुत्रं तर रात्रीपतुर माझ्याकडंच बघत बसलं."

सगळे डोळे पुसेपर्यंत हसले. वहीविषयी कुणी बोलले नाही.

रविवार, २९ ऑक्टोबर

वही परत आली. महादेवीकाकू घेऊन आल्या. ती स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली होती. "अप्पा म्हणले, पोरीची वस्तू पोरीच्या हातात दे." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या गेल्या. त्यांना काही ठाऊक असावे, असे दिसले नाही.

सोमवार, ३० ऑक्टोबर

रवि पुण्याहून रिकाम्या हातांनी परतले. त्या जाणकाराने भिंगाखाली पाहून सांगितले की, चकत्यांवर कसली तरी बारीक पूड घासली गेली आहे. रवींनी माझ्याकडे पाहिले. "पाकिटात असताना पूड आत कशी जाईल?"

तेवढ्यात अप्पाच म्हणाले, "परळीत राहतो आपण. राखंला दार लागतं का? पोरीला कावून इचारतो?"

अप्पा किती सरळ मनाचे आहेत! त्यांना खरे कारण कळले तर ते स्वतःला कधीही क्षमा करणार नाहीत. म्हणूनच ते मी सांगितले पाहिजे की म्हणूनच सांगू नये, हे मला ठरवता येत नाही.

पुन्हा यादी करायची आहे. नवी प्रणाली ठेवायची की डॉसकडे परतायचे, यावर रवि बोलू लागले. पुढच्या वर्षी आणखी काही जाहीर होणार, असेही त्यांनी वाचले आहे. अप्पा म्हणाले, "यंत्र कंचं बी ठेव. यादी दोन जागी पायजे, एक हातानं लिहिलेली. ती संगीता लिहील. आन् पत्त्याला जागा किती, ते बी तीच ठरवंल." मग रवींनी नव्या फ्लॉप्यांचा डबा पुढे केला, तर अप्पांनी तो घेतला नाही. उठून मोरीवर गेले आणि साबणाने बराच वेळ हात धूत राहिले. परतल्यावरही डब्याला हात न लावता म्हणाले, "तिच्याजवळच दे."

पूजेनंतर ते हात धूत नसत. वय झाले की माणसे सवयी बदलतात, असे ऐकले आहे.

उद्या त्यांना एकटे गाठून सारे सांगायचे. वाक्य मी आजच जुळवून ठेवले आहे.

रात्रीच्या जेवणाआधी धीर करून २ ऑक्टोबरचे पान पुन्हा वाचले. पान उलटताना अंगठा टेकतो त्या कोपऱ्यावर पुसट पांढरी राख बसली आहे. मी ती फुंकली, पण गेली नाही. या गावात वही ट्रंकेत ठेवली तरी राख आत येतेच.